कलाची मूठ

१९ जून १९९७, मृग सरत आला

कलाबाईस छबूबाईचा जयभीम.

आशीर्वाद लिहायचा का नाही, ते पत्र संपल्यावर ठरवीन.

तीन वर्षांनी थोरल्या जावेचं पत्र आलं म्हणून कुणी गेलं का काय, अशी धडकी भरवून घेऊ नकोस. सगळी जिती आहेत. तुझे मोठे दीर गुडघ्याला तेल चोळत ओसरीत बसलेत. मी धडधाकट आहे. तुझा पत्ता गहिनीनाथनं दिला. त्याचा टेम्पो भाडं घेऊन राहुरीकडं येतो, त्यानं तुला देवळालीच्या बाजारात बघितलं म्हणे. "धाकल्या वयनी उसाच्या मळ्यातून येत हुत्या. समदं हिरवंगार हाय तिकडं," असं सांगत होता आणि बघत होता माझ्या तोंडाकडं. मी म्हटलं, असेल बाबा, आम्हाला काय त्याचं.

म्हटलं खरं, पण त्या दिवशी मला भाकर गेली नाही. तुमच्याकडं पाट. पाट सुटला की पाऊस पडला. पाटाला मृग लागत नाही, आर्द्रा लागत नाही, त्याला आभाळाकडं मान वर करून बघावं लागत नाही. इथं मृगात ढेकूळ भिजलं नाही. बाजरीचं रान नांगरून तसंच पडलंय आणि तू तिकडं हिरव्यात फिरतेस. फिर बाई. नशीब काढलंस.

तू दुसरीसुद्धा धड शिकली नाहीस, तेव्हा हे पत्र अश्विनी वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. अश्विनी बाळा, चुलतीचा तुला आशीर्वाद. सगळं मोठ्यानं वाच, काही गाळू नकोस. आमचे गुरुजी सांगायचे, लिहिताना 'आहे' लिहावं, 'हाय' लिहू नये. मी सातवी पास आहे, मला कळतं. पण राग आला की माझं 'आहे' टिकत नाही, तेवढं सांभाळून घे.

आता काम. कला, तुझं खुरपं इथं माळ्यावर राहिलंय. गंजलंय. पाहिजे असलं तर गहिनीनाथकडं देते. एवढंच काम होतं.

आणि ते मामांच्या शाळूचं बी. सासऱ्याचं बी थोरल्या सुनेकडं राहावं, म्हणून वाटणीत मी ते गाडगं आधी उचललं, तुला आठवत असेल. तू काही बोलली नाहीस. तर ते माझ्याकडं आहे. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलंय, एकही किडा लागलेला नाही. फक्त दर साली पेरते आणि दर साली पेरल्यापेक्षा कमी घरात येतं. आता चार शेर राहिलंय, एका एकराचं. गावात बाकी सगळ्यांनी दुकानाच्या पिशव्या धरल्या. त्या ज्वारीच्या भाकरीला चव नाही आणि कडबा जनावर हुंगून सोडतं. मामांचं बी आता साऱ्या गावात एवढ्या एका गाडग्यात आहे. यंदा पेरलं आणि गेलं, तर संपलं. हे आपलं सहज लिहिलं. तू काही सांगावंस असं नाही.

अश्विनी, पुढच्या ओळी आईला वाचू नकोस. तुझी आई पेरायची तेव्हा अख्ख्या तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, एक नांगी पडायची नाही, एक बोटभर जागा रिकामी दिसायची नाही. असा हात तालुक्यात नाही. आमच्या रानात आता पडक्या दातांसारख्या नांग्या पडतात. हे तिला कळता कामा नये.

छबूबाई

(आशीर्वादाचं अजून ठरलं नाही.)


६ ऑगस्ट १९९७, आश्लेषा

कलास जयभीम.

पत्राचं उत्तर नाही. खुरप्याचंही नाही. उसात खुरपं लागत नसेल. बरंय.

इथं पुष्य कोरडा गेला. परवा दुपारी आभाळ असं फुटलं की तासाभरात ओढा वाहिला आणि संध्याकाळी पुन्हा धूळ. वरच्या बांधाची माती खाली गेली. पाऊस पडला म्हणावं का पाऊस लुटून गेला म्हणावं? गाव टेकडीवर चर खणायला जातं, पाणी अडवायला. मीही जाते. तिथं खोरं थांबलं की सगळ्यांची तोंडं चालतात. तुझे दीर म्हणतात, आभाळात रॉकेटं सोडून सोडून भोकं पडली. गुरुजी म्हणतात, झाडं तोडली त्याचं हे. लंकाबाई म्हणते, माणसाची नियत फिरली म्हणून पाऊस फिरला. असं म्हणून ती माझ्याकडं बघते. का बघते ते तिला ठाऊक आणि मला ठाऊक.

आपण बुद्धाची माणसं, नक्षत्रांना हात जोडत नाही, पण पाऊस त्यांच्याच नावानं मोजतो. मी तर भिंतीवरच्या कॅलेंडरात सगळ्या तारखांना पेन्सिलीनं गोल केलेत. उत्तरा कधी लागतात, हस्त कधी. उत्तरा सरता सरता शाळू पेरायचा, हस्ताचा पाऊस वरून घ्यायचा. आज्यापासनं हेच. आता नक्षत्रं कॅलेंडरात येतात आणि रानात येत नाहीत.

खरं लिहू का कला, मला तुझा राग कधीपासून आहे ते? मामांच्या शेवटच्या पेरणीपासून. अश्विनी तेव्हा लहान होती, तिच्यासाठी लिहिते. पाभरीवर लाकडाचं एक वाडगं असतं, त्याला चाडं म्हणतात. त्यात मुठीनं बी सोडायचं, नळ्यांतून ते मातीत उतरतं. बैल चालतात, पाभर चालते, आणि मूठ धरणारी बाई बरोबरीनं चालते. मूठ सारखी सुटली तर पीक सारखं. त्या साली बी मी सोडत होते. पंधरा वर्षं मीच सोडत होते. मामा बांधावर बसले होते, धाप लागलेली. मधेच त्यांनी बैल थांबवायला लावले. उठले, आले, सगळ्या वस्तीदेखत माझा हात चाड्यावरून उचलून बाजूला केला आणि तुझा हात धरून तिथं ठेवला. म्हणाले, "आता मूठ हिची."

एक शब्द जास्त नाही. का, ते नाही. मी सातवी पास, थोरली, आणि तू येऊन पुरती आठ वर्षं झाली नव्हती. लंकाबाई पदरात तोंड घालून हसली. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतोय, आणि तू काय केलंस? मुकाट्यानं बी सोडत चालायला लागलीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, बाईंना राहू द्या!

पुढच्या साली मामा नव्हते. किल्लारीकडं भूकंप झाला ते साल. वाटणी झालेली, तुझं रान वेगळं, माझं वेगळं. हस्ताचा पाऊस पडला. मी कॅलेंडर बघून दुसऱ्या दिवशी पाभर जुंपली. तू थांबलीस. अकरा दिवस थांबलीस. सगळं गाव तुला हसलं. मी विचारलं तर म्हणालीस, "बी मातीत टाकायचं तर मातीलाच इचारावं बाई, आभाळाला कशाला?" मग मोठा पाऊस आला. माझ्या रानावर माती थापल्यासारखी बसली आणि बी आत कुजलं. तुझा शाळू छातीला लागला.

तेव्हा हौदावर मी जे बोलले, त्याचा लोकांनी उलटा अर्थ काढला, ही काही माझी चूक नाही. मी एवढंच म्हटलं, "कलाची मूठ लागली." म्हणजे तुझा हात रानाला लाभला, पीक साधलं. असंच बोलतात ना? मूठ मारणं, करणी करणं, हे माझ्या मनातही नव्हतं. लोकांची तोंडं धरायला मी काय पाटलीण हाय का?

बघ, राग आला आणि 'हाय' आलं. थांबते.

छबूबाई


१५ सप्टेंबर १९९७, उत्तरा लागल्या

कलास जयभीम.

या पत्राबरोबर गहिनीनाथकडं एक पुडकं दिलंय. वर प्लास्टिक, आत ओलं फडकं, आत ढेकूळ. आपल्याच रानातलं, मधल्या पट्टीतलं. काल पूर्वेकडून पाऊस आला, वीत-दीड वीत ओल गेली असेल.

तुला पाठवायचं काही कारण नाही. गहिनीनाथ येतच होता, म्हटलं बघू दे कलाला माहेरची, म्हणजे सासरची, माती. आता पाठवलंयच तर मुठीत दाबून बघ आणि वापसा झाला का ते अश्विनीकडून दोन ओळींत लिहून पाठव. फार ओलं नाही, फार कोरडं नाही, बी टाकायला मातीनं हो म्हणायचं, तो वापसा. एवढं मलाही कळतं. मी रोज मुठीत दाबून बघते. मला ते सकाळी झालेलं वाटतं, दुपारी नाही वाटत, आणि संध्याकाळी हे म्हणतात, "माती दाबत बसलीस व्हय? उत्तरा सरल्या मंजे काय दाबशील?"

ह्यांनी पाभर काढून ठेवलीय. म्हणतात, बापाच्या वेळेला पेरायचं म्हणजे पेरायचं. शेजारच्या दोघांनी पेरलं पण. गाडगं मी धान्याच्या कोठीमागं सरकवलंय, आणि पाभरीचं चाडं काढून माझ्या उशाला ठेवलंय. ते शोधतायत. "चाडं उंदरानं नेलं का काय?" म्हणत होते. मी म्हटलं, नेलं असेल.

ते बी मी फडक्यात भिजवून पाहिलं. दहातले सात उगवले. पुढच्या साली चार उगवतील, त्याच्या पुढं काही नाही. म्हणजे यंदा पेरलंच पाहिजे, आणि चुकीच्या दिवशी पेरलं तर गेलं. अशी गत आहे.

अश्विनी, हे आईला वाचू नकोस. काल मी तुमच्या मोकळ्या घरात जाऊन आले. दाराला तुझ्या आईनं बोटांनी ओढलेला गेरूचा पट्टा अजून आहे. मला तिचा राग येतो तो येतोच, पण तिच्यावाचून विचारायला मला गावात दुसरं माणूस नाही. हे तिला सांगशील तर तुझी-माझी कट्टी.

छबूबाई


१ ऑक्टोबर १९९७, हस्त

कला,

ढेकूळ पोचलं असं गहिनीनाथ म्हणाला. तुझ्या हातात दिलं म्हणाला. उत्तर नाही. काय झालंय तुझ्या हाताला?

तीन दिवस हस्ताचा पाऊस पडतोय. आज उघडीप आहे. सगळं गाव पाभरी घेऊन निघालंय. आमच्या ह्यांनी दुसऱ्याचं चाडं मागून आणलं, ते मी पाटीखाली घालून वर बसलेय आणि हे लिहितेय. हे दारात उभे राहून म्हणाले, "बी कुजवायचं का उशाला घिऊन निजायचं, येकदा ठरीव." मी त्यांना म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांबा. का थांबा, ते मला सांगता येईना.

सांगायचं काय त्यांना? की मला तिची मूठ पाहिजे? जिची मूठ मीच घालवली?

लिहिते आता. अश्विनी, हे सगळं आईला वाच. एकही शब्द गाळू नकोस.

ऑगस्टच्या पत्रात मी खोटं लिहिलं. हौदावर लंकाबाईनं मला विचारलं, "तुमचं रान असं बोडकं अन् धाकलीचं असं, हे कसं गं?" मी म्हटलं, "कलाची मूठ लागली." एवढंच लिहिलं होतं तुला. पण मी दोन शब्द आणखी बोलले होते. मी म्हटलं, "आमच्या रानाला कलाची मूठ लागली."

आमच्या. तुझ्या रानाला लागली म्हटलं असतं तर कौतुक होतं. आमच्या म्हटलं, आणि करणी झाली. आणि हे मला बोलायच्या आधी कळलं होतं, कला. मी सातवी पास आहे. एका शब्दानं वाक्य कसं फिरतं, ते मला नाही कळणार तर कुणाला? लंकाबाईचे डोळे मोठे झाले, ते मी बघितलं. मला बरं वाटलं. पोटात थंड वाटलं.

मग कुणी तुला पेरायला बोलवेना. ज्या बाया तुझ्या हाताला हात लावून बी द्यायच्या, त्या लांबून टाकायला लागल्या. आसारामच्या नातवाच्या बारशाला तू पाळण्यापाशी गेलीस तर त्याच्या सुनेनं लेकरू उचलून छातीशी धरलं. मी तिथंच होते. एक शब्द बोलले असते तर मिटलं असतं. बोलले नाही. आपण बाबासाहेबांची माणसं, करणी-भानामती मानत नाही, आणि मानत नाही म्हणता म्हणता सगळी वस्ती तुझ्यापासून हातभर लांब सरकली. रंभाजी भाऊजींनी बैल विकले, पोरगी उचलली आणि तुम्ही निघालात. तू जाताना माझ्या पाया पडलीस. पडायला नको होतंस गं. त्यानं तर माझा जीवच गेला.

हेवा वाटत होता. आजही वाटतो. तुझ्या पाटाचा वाटतो, तुझ्या हिरव्याचा वाटतो, मामांनी तुझा हात धरला त्याचा तर मरेपर्यंत वाटेल. पण ज्वारीनं काय केलंय? तिचा काय दोष?

माती कळत नाही मला. सांग.

छबूबाई


१२ ऑक्टोबर १९९७, दसऱ्याचा दुसरा दिवस

अगं भवाने!

पोस्टमननं कार्ड दिलं तेव्हा मला वाटलं कुण्या पोराचं असेल. पेन्सिलीची ओढलेली अक्षरं, एक डोंगरावर, एक दरीत. वाचलं तर:

"बाई जयभिम. अश्वीनी दोन वरस झाले नगरला होस्टेलात हाय. तुमची पत्र मीच वाचते. सगळी वाचली. मी साकशरता वरगाला जाते. माती वाळून आली. पत्रातनं वापसा कळत न्हाई. पेरु नका. गावात बोला. मग येते. कला."

ओट्यावर बसून मी पुन्हा वाचलं. मीच वाचते! म्हणजे 'आईला वाचू नकोस' म्हणून मी जे जे लिहिलं ते आईनंच वाचलं? तालुक्यात असा हात नाही, ते? मोकळ्या घरात गेले, ते? चार महिने मी दार लावून बोलतेय समजतेय आणि तू उंबऱ्यात बसून ऐकतेयस! कुठं तोंड लपवू?

आणि राग कशाचा आला सांगू? अक्षराचा. मामांनी मूठ तुला दिली, मी म्हटलं, असू दे, अक्षर माझं आहे. आता अक्षरही घेतलंस? 'पेरु' लिहिलंस ते चुकलंय, पेरू नका असं दीर्घ लिहितात, नाहीतर ते खायचं फळ होतं. आणि खायचं फळही दीर्घच असतं. तेव्हा माझं अजून थोडं तुझ्यापुढं आहे, ध्यानात ठेव.

आता गावात बोलायचं.

काल विहारात धम्मचक्र दिनाला सगळी वस्ती होती. पंचशील चाललं होतं. मुसावादा वेरमणी आलं, खोटं बोलणार नाही म्हणायचं तिथं दर साली माझी जीभ जरा भरभर चालते. काल ती अडकली. सगळे पुढं गेले आणि मी तिथंच. वंदना संपली, आसाराम भाषणाला उठायच्या आत मी उठले. उठताना समोरच्या बाईच्या खांद्याला धरलं. ती लंकाबाई निघाली.

मी म्हटलं, "कलानं कुणावर मूठ मारली न्हाई. ते मी बोलले. खोटं बोलले. तिचं पीक आलं, माझं गेलं, माझ्या पोटात दुखलं म्हणून बोलले."

लंकाबाई म्हणाली, "आता गं बया!" आसाराम म्हणाला, "छबूबाई, बसा खाली, आजचा दिवस काय, हे काय." मी म्हटलं, "बसत न्हाई. तुमच्या सुनेनं कलाला बघून लेकरू उचललं, ते माझ्यामुळं. आज ते लेकरू चार वर्षांचं हाय, चांगलं धट्टंकट्टं. काय झालं त्याला?" तुझे दीर दारात उभे होते. ते बाहेर निघून गेले आणि रात्रीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी मात्र स्वतः चहा ठेवला.

आणि एक. आठ तारखेला पुन्हा मुसळधार आला. ज्यांनी दोन-तीन तारखेला पेरलं होतं त्या सगळ्यांचं आत दबलं. रानावर भाकरीसारखा पापुद्रा धरलाय. आमचं बी गाडग्यात आहे. कार्डावरचं ते चुकलेलं 'पेरु नका' मी पाठ केलंय.

मी बोलले. आता ये.

छबूबाई


५ नोव्हेंबर १९९७, दिवाळी झाली

चि. कलास अनेक आशीर्वाद.

ठरलं बघ शेवटी.

तू गेल्यापासून घर मोठं वाटतंय. एसटीत तू खिडकीला बसलीस आणि मागं वळून बघितलं नाहीस, तेवढ्यासाठी मी दोन दिवस फुगून होते.

तुझे हात बघून मी काही बोलले नाही, ते आता लिहिते. मी हिरवं हिरवं म्हणून जळत होते आणि तू दुसऱ्याच्या उसात खुरपत होतीस. उसाच्या पात्यानं चिरलेले ते हात. तू चुलीपुढं बसून म्हणालीस, "उसाला मूठ लागत न्हाई बाई. कांड्याची टिपरी टाकायची अन् पायानं दाबायची. तीन सालं झाली, हात नुस्ता बसून हाय." मला खरंच माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नव्हतं.

चार दिवस सकाळी सकाळी तू अनवाणी रानात जायचीस, मी तुझ्या मागं. माती उचलायचीस, मूठ आवळायचीस, उघडायचीस, अंगठ्यानं टोचायचीस. "अजून न्हाई." हे बांधावरून ओरडायचे, चित्रा चालू झाल्या, चित्रा! तू हसून म्हणालीस, "नक्षत्रं खोटी न्हाईत भाऊजी, म्हातारी झाल्यात. वाट चुकत्यात." पाचव्या दिवशी तू माती माझ्या मुठीत दिलीस. मी आवळली, उघडली, गोळा झाला. तू अंगठा लावलास आणि तो भसकन सुटला. "हां," म्हणालीस. एवढंच. मला वाटलं होतं मोठं काही गुपित असेल.

पाभरीमागं चालताना मी विचारलंच, मामांनी मूठ तुला का दिली. पाच वर्षं हे पोटात होतं. तू बी सोडता सोडता म्हणालीस, "मी बी इचारलं हुतं त्यांना. म्हणले, थोरलीचा हात पेन धरायचा हाय. पेन घट्ट धरत्यात, बी सैल." मग म्हणालीस, "मला तर वाटायचं, मामांनी घट्ट हात मला द्यावा. पोस्टातलं कागुद आलं की तुमी पदर खोचून वाचायच्या अन् समदे तुमच्या तोंडाकडं बघायचे. मी चुलीमागं बसून बघायची. लई जळायची मी बाई."

तू! माझ्यावर! आधी का नाही सांगितलंस गं? पाच वर्षं मी एकटीच जळत होते असं वाटून जास्त जळले.

आता रानाचं. उगवलंय. मी रोज सकाळी जाऊन बघते. तुझ्या तासांत एक नांगी नाही, दोरी लावल्यासारखं. तू शेवटची चार तासं "बाई, घ्या" म्हणून माझ्या हातात दिलीस ना, तिथं नांग्याच नांग्या. सैल सोडायचं म्हणून सोडलं, तरी घट्टच पडलं. एका जागी आठ दाणे, पुढं वीतभर काही नाही. लांबून ओळखू येतं तुझं कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं. जीव जळतो. लिहायला लाज कसली.

काल लंकाबाई बांधावर आली. आणखी दोघी-तिघी होत्या. रानाकडं बघत राहिली आणि तिच्या तोंडून गेलं, "कलाची मूठ लागली गं." आणि जीभ चावली. मग मीच मोठ्यानं म्हटलं, "लागली! आमच्या रानाला लागली!" आणि हसू इतकं आलं की सगळ्याच हसायला लागल्या. आसारामची सून म्हणाली, पुढच्या साली आमच्यातबी बोलवा त्यांना. मी म्हटलं, आधी आमचं होऊ दे, मग बघू. तुला वाटून घ्यायला मला काही लगेच जमणार नाही.

शाळू आला की निम्मं बी तुझं. गहिनीनाथकडं नाही देणार. येऊन ने.

तुझं कार्ड भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवलंय. ऱ्हस्व-दीर्घ शिक, एवढी चूक चांगली नाही.

कला, आता खालच्या ओळी वाचू नकोस.

नांग्या भरताना मी रोज थोडी माती मुठीत धरून बघते. अंगठा लावला की कुठं सुटते, कुठं नाही, ते हळूहळू कळायला लागलंय. पुढच्या हस्तापर्यंत नीट कळेल असं वाटतं. पण कळलं तरी मी कुणाला सांगणार नाही. मला वापसा कळत न्हाई असंच म्हणत राहणार हाय. तू येत जा.

तुझी जाऊ,
छबू